चौदावी बुरजी

दुपारचे दोन वाजलेत. तंबूच्या कापडातून ऊन पिवळं होऊन आत येतंय आणि पंखा जनरेटरच्या मर्जीनं फिरतोय. मी खाटेवर आडवी होते, दहाच मिनिटांसाठी. छातीवर अहवाल आहे, टाईप केलेला, साडेतीन पानी. चार वाजता आमचे प्रमुख कर्नल हॅल्वरसन येतील, मी सही करायची, आणि मग शेजारशेजारच्या दोन राजांपैकी एक जण जगासमोर खोटा ठरेल.

राजे एकमेकांचे नातलग आहेत, म्हणजे भांडण किती खोल असेल ते सांगायला नको. लढाई पेटली एका विहिरीवरून. सहा महिन्यांपूर्वी तह झाला आणि हद्द आखली गेली. ती कोण मोडतो ते पाहायला आम्ही पाच देशांचे अकरा निरीक्षक इथे वाळू खातोय. मी भारताच्या परराष्ट्र खात्यातून आलेली, शर्वाणी देऊसकर. मी लिहिलंय की दक्षिणेच्या राजाच्या सैन्यानं हद्दीवरची चौदावी बुरजी ओलांडून विहीर बळकावली. या एका वाक्यावर उत्तरेच्या तोफा पुन्हा सुरू होतील. विहिरीभोवती साठ कुटुंबं उतरलेली आहेत, शेळ्या-उंटांसकट.

वाक्य बरोबर आहे. मी स्वतः मोजलंय. मग डोळा का लागत नाही, असं मी स्वतःलाच विचारतेय, तेवढ्यात खाटेचा पायथा करकरतो.

"पाय घ्या की जरा बाईसाहेब. बसू द्या."

तात्या उंब्रजकर. तीच खाकी टोपी, तोच खिशात दोऱ्यानं बांधलेला चष्मा. तात्या म्हणजे आमचे मोजणीदार. तीस वर्षं कराड तालुक्यातल्या जमिनी मोजून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून या वाळवंटात आले. हद्दीवरच्या दगडांच्या राशी त्यांनीच रचून घेतल्या. ते त्यांना बुरजी म्हणायचे, मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो, कर्नलसुद्धा. वीस दिवसांपूर्वी तात्यांची जीप सुरुंगावरून गेली. तात्या गेले, आणि हद्दीचा खरा नकाशा त्यांच्याबरोबरच जळाला. त्यांची कापडी पिशवी माझ्या खाटेखाली आहे. ती घरी पाठवायची राहिलीय, कारण सोबत काय लिहावं ते मला सुचत नाही.

"तुम्ही गेलात ना तात्या?" मी विचारते.

"गेलो की. म्हणून काय मोजणी बघायला यू नये व्हय?"

मी उठून बसते. तंबूची जमीन आता शेणानं सारवलेली आहे. समोर चावडीचा फळा, त्यावर खडूनं गट नंबर लिहिलेले. तात्या मोजणीची साखळी ओढत चाललेत. साखळी उंबरठ्यावरून बाहेर जाते, उसाच्या फडातून वाळूत जाते. पलीकडचं टोक कुणीच धरलेलं नाही, तरी साखळी ताठ आहे.

"कुठनं मोजलंसा?"

"टेकडीवरून. दुर्बिणीनं."

"दुरून डोंगर साजरे," तात्या म्हणतात आणि मिशीत हसतात. मला राग येतो. मेलेल्या माणसानं टोमणे मारायचे म्हणजे फारच झालं.

"तेरावी दिसली, मग पंधरावी. आणि मधे विहिरीच्या दक्षिणेला चौदावी. कमरेएवढी रास. म्हणजे विहीर उत्तरेची. सरळ आहे."

"चला बघू."

चालता चालता आम्ही कराडच्या बाजारात आहोत. गुरुवारची गर्दी आहे, पण आवाज नाही. पोत्यावर बसलेल्या, चेहरा झाकलेल्या बाईकडून तात्या कोळसा घेतात. ती अस्सल सातारी बोलीत भाव सांगते. हे पोतं मी पाहिलंय. बुरज्या रचायच्या दिवसांत तात्यांच्या जीपमध्ये असायचं. कणसं भाजायचा बेत आहे का, म्हणून मी त्यांना चिडवलं होतं. तेव्हा ते नुसतेच हसले होते.

"कशाला होता हो तो कोळसा?"

"दगड हालतो बाईसाहेब. लाकूड कुजतं. सख्खा भाऊ रातीत बांध कोरतो. कोळसा मातुर शंभर वर्सं हाय तसा ऱ्हातो. हद्दीच्या दगडाखाली पसाभर पुरायचा. बापानं शिकवलं तसं केलं."

"सगळ्या बुरज्यांखाली?"

"येकूण येक. ह्या राजांचं भांडान आन आपल्याकडचं बांधाचं भांडान, फरक काय सांगा?"

बाजार संपतो तिथे ती रास आहे. विहिरीच्या दक्षिणेची, माझी चौदावी. जवळून ती बुरजीसारखी दिसतच नाही. तात्यांचे दगड चौकोनी रचलेले असत. हे वेडेवाकडे, कुणीकुणी टाकलेले, लहानमोठे.

"हात लावू नका," तात्या टोपी काढतात. "माणूस हाय खाली. मुसाफिर. हितनं जाणारा येक धोंडा टाकतो न् पुढं जातो. असं करत करत येवढी झाली."

"मग चौदावी?"

"हिरीच्या पल्याड, उत्तरेला. तहानंतर परत खटका उडाला, त्या पयल्याच दिवशी तोफेनं उडवली. दगड गेलं. पर कोळसा कुठं जाईल?"

म्हणजे विहीर दक्षिणेची. दक्षिणेचे सैनिक आपल्याच हद्दीत, आपल्याच विहिरीवर बसलेत. आणि त्यांच्यावर, त्या साठ कुटुंबांवर तोफा डागायचा दाखला मी छातीवर घेऊन झोपलेय.

"मी चुकले तात्या."

"चुकला न्हाईसा. भ्यालासा."

"हो, भ्याले!" मी ओरडते. "चादरीत तुमचं काय काय गोळा केलं ते मी पाहिलंय. त्यानंतर त्या वाळूत पाऊल टाकवलं नाही मला. टेकडीवरून मोजलं आणि जवळून मोजलं म्हणून लिहिलं. झालं समाधान?"

तात्या रागावत नाहीत. स्वतःच्या पायांकडे बघतात, जणू ते आहेत की नाहीत याची त्यांनाही खात्री नाही.

"माझी बी चूक झालीच की. शेळ्यांची वाट सोडून जीप घातली. घाई केली. लेंडी दिसंल तिथंच पाय ठेवायचा बाईसाहेब. शेरडं जाऊन जित्ती आली, तर आपण बी येतो. येवढं ध्यानात ठेवा."

ते विहिरीला वळसा घालून जातात. मी लेंड्या बघत त्यांच्या मागे. एका सपाट जागी ते उकिडवे बसतात, माझं मनगट धरतात आणि हात वाळूत घालतात. वाळू वर तापलेली, आत गार. कोपरापर्यंत हात जातो. तात्यांची पकड चांगली घट्ट आहे, आणि मला ती सुटू नये असं वाटतं.

"लागलं?"

"लागलं."

"मग आता माझी पिशवी घरी धाडा. चिठ्ठी लिवायची गरज न्हाई."

"मॅडम?"

तंबूच्या दारात कर्नल उभे आहेत. चार वाजलेत. पंखा बंद आहे. मी घामानं निथळतेय आणि माझा उजवा हात मनगटापर्यंत काळा आहे.

मी वाकून खाटेखाली बघते. पिशवीला मी मारलेली गाठ तशीच आहे, म्हणजे हे काळं तिच्यातून आलेलं नाही. हात नाकाशी नेते. कोळसाच. नखांतसुद्धा गेलाय. ओरडावंसं वाटत नाही, रडावंसं थोडं वाटतं, पण ते नंतर.

कर्नल पेन पुढे करतात. मी अहवालाचं शेवटचं पान उलटते आणि सहीच्या जागी पाच बोटं उमटतात.

"हे काय झालं?"

"यावर मी सही करत नाही," मी म्हणते. "चौदावी बुरजी मी जवळून पाहिली नव्हती. पाहिली असं खोटं लिहिलं. त्याची शिक्षा नंतर द्या. आत्ता मला दोन्ही सैन्यांचा एकेक अधिकारी हवाय, एक कुदळ, आणि विहिरीवरचा शेळ्यावाला."

"तिथे सुरुंग आहेत."

"आहेत. म्हणूनच शेळ्यावाला."

ते माझ्या हाताकडे बघतात. मग वायरलेसवाल्याला हाक मारतात, दोन्हीकडे निरोप द्यायला सांगतात. परत वळून हळूच म्हणतात, "निदान हात तरी धुऊन घ्या."

"आल्यावर," मी म्हणते आणि बूट चढवते.