समेटाचा शनिवार

सगळं सामान बैलगाडीत चढल्यावर बाबांनी शाळेच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली याकोबकाकांच्या हातात दिली. हिवरखेडची आमची शाळा हेच आमचं उपासनेचं मंदिर होतं. एकच लांब खोली. आठवडाभर तिच्यात पाढे चालत आणि रविवारी उपासना. दारापुढच्या कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच शाळेची घंटा आणि तीच आमच्या ख्रिस्ती मंडळीची. बाबा म्हणाले, "याकोब, रविवारची घंटा चुकवू नकोस." काकांनी किल्ली घेतली. मान वर केली नाही.

गाडी वळली तशी वेशीजवळची पोरं मागे लागली. "बुडी घ्या, डबा न्या! बुडी घ्या, डबा न्या!" बाबा पुस्तकांच्या पेटीवर बसले होते. ते म्हणाले, "सुवार्ते, मागे बघू नकोस." मी बघितलं. मला याकोबकाकांचं तोंड पाठ करून ठेवायचं होतं.

हिवरखेडच्या मंडळीत जे राहिलात त्या तुमच्यासाठी हे लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे अकोल्याला, अमरावतीला, आणखी लांब कुठे कुठे निघून गेलात त्यांच्यासाठीही. तुमच्यातले काही जण मला दगडाच्या काळजाची म्हणतात असं कानावर येतं. म्हणा. पण सगळी हकीगत माहीत असू द्या, आणि मग म्हणा.

बाबा मूळचे नगरकडचे. मिशनने त्यांना मास्तर म्हणून हिवरखेडला पाठवलं. तिथेच माझा जन्म झाला आणि तिथेच, मी लहान असताना, आई गेली. गावाच्या उत्तरेला, जिथून सातपुडा स्वच्छ दिसतो, त्या काळ्या जमिनीच्या तुकड्यात तिला पुरलं. बाबांना वऱ्हाडी शेवटपर्यंत बोलता आली नाही आणि गावाला बाबांची शिस्त शेवटपर्यंत पचली नाही. दारू नाही, तमाशा नाही, पत्ते नाहीत. रविवारी कापूस वेचायला जायचं नाही, मग बाजूच्या शेतात मजुरी दुप्पट असली तरी. बाप्तिस्मा मागायला कोणी आला तर त्याला निदान वर्षभर थांबवत. "बापाला सांगितलंस? बायकोला विचारलंस? आधी जा, सांगून ये. तिचं मन नसेल तर मी तुला पाण्यात उतरवणार नाही." माणसं कंटाळून परत जात. बाबा म्हणत, कायद्याने मला सांगायचा हक्क दिला आहे आणि देवाने त्याला नाही म्हणायचा. दोन्ही सारखेच पवित्र.

मंडळीचा एक नियम बाबांनीच घालून दिला होता. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी सगळ्यांनी कडुलिंबाखाली जमायचं. ज्याचं कोणाशी वाकडं आलं असेल त्यांनी समोरासमोर उभं राहायचं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दुसऱ्याचा हात हातात घेऊन म्हणायचं, "माझ्या मनात काही नाही." तेवढं म्हटलं की झालं. पण ते म्हणेपर्यंत दोघांपुढूनही भाकरीची थाळी आणि द्राक्षरसाचा प्याला तसाच पुढे जायचा. अन्याय झालेला माणूस मेला असेल, तर त्याच्या थोरल्या मुलाने किंवा मुलीने हात द्यायचा. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. बांधावरून भांडलेले सख्खे भाऊ त्या झाडाखाली रडताना मी पाहिले आहेत.

याकोबकाका मंडळीतले सर्वांत जुने पंच. शाळेच्या भिंती त्यांनी आणि बाबांनी मिळून रचल्या. मला खांद्यावर बसवून ते पोळ्याला बैल दाखवायला नेत. त्यांना आणि मार्थाकाकूंना मूल नव्हतं. पुढे एका उन्हाळ्यात त्यांनी तेल्हाऱ्याकडची एक बाई घरात आणून ठेवली. रविवारी बाबांनी त्यांच्यापुढून थाळी पुढे नेली. उपासना संपल्यावर काका दारातच उभे राहिले.

"मास्तर, पाटलाच्या घरी दोन दोन बायका हायेत. सरकार काई बोलत नाई, देव काई बोलत नाई. मीच काहून?"

"पाटलाने मार्थाला वचन दिलं नव्हतं," बाबा म्हणाले. "तू दिलं होतंस."

"म्हंजे ख्रिस्ती म्हून माह्यासाठी कायदा बी आडवा, देव बी आडवा, आन तुमी बी आडवे!"

"मी सगळ्यांत शेवटी, याकोब. आधी ते दोघे."

लोक हसले. बाबांना हसवायचं नव्हतं, पण लोक हसले, आणि मला वाटतं ते हसू काकांच्या मनातून गेलं नाही. बाई महिन्याभरात परत गेली. काका पुन्हा पंचांच्या बाकावर बसू लागले. समेटाच्या शनिवारी त्यांनी बाबांसमोर उभं राहायचं होतं. ते उभे राहिले नाहीत. म्हणाले, माह्या मनात काईच नाई, उभं काहून राहू?

त्या वर्षांत मिशनच्या कामाची ठिकठिकाणी चौकशी चालली होती. आमचं सरकार तेव्हा नागपूरला बसत असे. मिशनकडून शाळेत दुधाच्या भुकटीचे डबे येत, पोरांना आणि बाळंतिणींना वाटायला. कोणीतरी तक्रार केली की मास्तर डब्याच्या लालचीने बाटवतो. एक अधिकारी आले आणि आमच्याच शाळेत, बाबांच्याच खुर्चीत बसले. अर्धं गाव खिडक्यांना लटकलेलं.

बाबांना शपथ घ्यायला सांगितलं. बाबा म्हणाले, "साहेब, मी शपथ वाहत नाही. जे सांगेन ते खरं सांगेन."

"खरं सांगणाऱ्याला शपथेची भीती कसली?"

"भीती नाही, साहेब. आज शपथेवर खरं बोललो, तर बाकीच्या दिवशी मी काय बोलत होतो?"

अधिकारी लोकांकडे बघून हसले, आणि लोकांना तेवढंच पुरे होतं. मग विचारलं, दूध वाटलं का? बाबा म्हणाले, वाटलं. कोणाला? मागेल त्याला. त्यातले काही पुढे ख्रिस्ती झाले का? "झाले," बाबा म्हणाले. दुसरा कोणी असता तर चार शब्द पुढे-मागे केले असते. बाबांनी एकही केला नाही.

मग याकोबकाका उभे राहिले. त्यांनी बायबलवर हात ठेवला, शपथ घेतली आणि सांगितलं, "मास्तर म्हने, बुडी घ्या आन डबा न्या. म्या माह्या कानानं ऐकलं." आमच्याच मंडळीचा पंच! खिडकीतून हशा उठला. ज्याने कित्येक माणसांना पाण्याच्या काठावरून परत पाठवलं, त्याच्या नावावर ते वाक्य चिकटलं आणि संध्याकाळपर्यंत पोरांच्या तोंडी गेलं. बाबा काकांकडे वळले. त्यांनी एकच विचारलं, "याकोब, झालं समाधान?"

शाळा बंद करण्याचा हुकूम आला. मिशनने बाबांना अमरावतीच्या मुलांच्या बोर्डिंगवर नेमलं, भांडारावर देखरेख करायला, आणि काही काळ प्रचार करू नये असंही कळवलं. गाव सोडायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, किल्ली त्या माणसाला देऊ नका. बाबा म्हणाले, "थोरला पंच तोच आहे. नियम आपल्याला सोयीचा असेल तेव्हाच पाळायचा का?"

अमरावतीला मी ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि हॉस्टेलवर राहिले. तिथे वीज होती, नळ होता, टाइमटेबल होतं. मुली शनिवारी सिनेमाला जात आणि मला "पाळकीणबाई" म्हणून चिडवत. मी गेले नाही. त्या चिडवण्याने मला कधी दुखलं नाही. मी बाबांच्या नियमांत वाढले आणि आजही त्यांतच राहते, माझ्या इच्छेने. रविवारी बोर्डिंगवर जायचे तर बाबा गव्हाच्या पोत्यांमध्ये स्टुलावर बसलेले असत. बोलायचं बंद केलेला माणूस कसा दिसतो ते मी तिथे पाहिलं. एकदाच ते मोकळं बोलले. नागपूरला जाऊन बौद्ध झालेली माणसं घोळक्याने रस्त्यावरून परत येत होती, अंगावर पांढरे कपडे, लेकरं खांद्यावर. बाबा फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "यांना कोणी विचारू नये, काय मिळालं म्हणून. माणूस मनाने उठला की त्याचा जाब देवाने घ्यावा. चावडीने नाही."

पुढच्या चैत्रात ते गेले. उन्हाळा कडक होता, हिवरखेड लांब होतं. आईशेजारी त्यांनी स्वतःसाठी जागा राखली होती. त्यांना अमरावतीलाच पुरावं लागलं. नवरा-बायकोच्या मध्ये आता एक अख्खा जिल्हा आहे, आणि तो याकोबकाकांनी घातला आहे.

नोकरी लागल्यावर वाचनालयात बसून मी कायदा वाचला. ज्याचं मन शपथेला तयार नसतं त्याला साध्या प्रतिज्ञेवर साक्ष देता येते, असं त्यात स्पष्ट होतं. म्हणजे बाबांनी मागितलं ते त्यांच्या हक्काचं होतं. त्या खोलीत कोणाला ते माहीत नव्हतं, किंवा कोणी सांगितलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि माझा राग, जो तोवर नुसता राग होता, कायदेशीर झाला.

बाबा गेल्याची बातमी हिवरखेडला पोचल्यावरच्या पहिल्या शनिवारी याकोबकाका कडुलिंबाखाली उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, मी खोटं बोललो. तुम्ही सांगितलंत, मास्तर गेले, आता मास्तरच्या मुलीने हात द्यायला हवा. तेव्हापासून दर प्रभुभोजनाच्या आधी मला निरोप येऊ लागला. मी एकदाही गेले नाही.

मग एक दिवस ते स्वतः आले. मी शिकवत होते त्या शाळेच्या फाटकाशी, खांद्यावर धोतराच्या फडक्यात बांधलेला हुरडा. केस पांढरे झाले होते. त्यांना मला "सुवार्ते" म्हणवेना.

"बाई, वाळून चाललो वं मी त्या बाकावर. लोक खातेत, पितेत, मी बघून राह्यलो. एकडाव हात दे."

"आणि काय म्हणू?"

"थेच. मनात काई नाई म्हन."

"पण आहे ना, काका. मनात अजून तसंच आहे. मग खोटं कसं बोलू? बाबांनी शिकवलं नाही मला."

त्यांनी खांद्यावरचं फडकं उतरवलं. मग हुरडा फाटकाच्या दगडावर ठेवून निघून गेले. तो मी गड्याला देऊन टाकला. माझ्या हाती दुसरं कुठलंच हत्यार नव्हतं. बाबांचं खरेपण होतं, तेच मी वापरलं, आणि त्या दिवशी घरी जाताना मला हलकं वाटलं. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

यंदा मार्थाकाकूंचा निरोप आला, काका उठत नाहीत आता. मी गेले. अकोटपर्यंत एसटी, पुढेही एसटीच. बैलगाडी लागत नाही आता. शनिवार होता. खाट कडुलिंबाखाली आणली होती आणि तुम्ही सगळे उभे होतात, अकोल्याहून आलेले पाळकही. काकूंनी मला स्टूल दिलं. नवऱ्याने जिच्या उरावर दुसरी आणली ती बाई त्याच्या तोंडावरच्या माशा वारत होती.

पाळक म्हणाले, "बाई, चार शब्दांचा प्रश्न आहे. म्हणून टाका."

काकांनी हात पुढे केला. मी खरोखर आत जाऊन पाहिलं, कुठे काही विरघळलं आहे का. आत बाबा पोत्यांमध्ये स्टुलावर बसले होते.

"म्हणून टाकता येतील," मी म्हटलं. "पण याच ठिकाणी एकदा शपथेवर खोटं बोललं गेलं आहे. दुसऱ्यांदा माझ्याकडून नको."

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. काकांनी हात मागे घेतला. हसले, त्या हसण्यात त्यांना ठसका लागला.

"राहू द्या पाळकसायब. मास्तराची पोट्टी हाय थे. माह्यं एक खोटं पुरे हाय गावाले."

ज्या क्षणाची मी एवढी वर्षं वाट पाहिली तो हा. तो मला गोड लागला. नाही लागला असं लिहिलं तर तेही खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी रुळाचा तुकडा वाजला. मी आत गेले आणि मागच्या बाकावर, काकांच्या रिकाम्या जागेशेजारी बसले. थाळी आली. मी ती मार्थाकाकूंकडे सरकवली. प्याला आला, तोही सरकवला. बाबांचा नियम जसा काकांना तसाच मला, आणि ज्या दिवसापासून त्यांच्यापुढून थाळी पुढे जाते, त्या दिवसापासून माझ्यापुढूनही जाते आहे. अमरावतीच्या चर्चमध्ये दर वेळी कोणीतरी वाकून विचारतं, बाई, तब्येत बरी नाही का? मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

हिवरखेडला कोणी विचारलं नाही. काकूंनी थाळी घेतली, माझ्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि पुढे दिली. एवढ्या मोठ्या मुलखात तेवढी एकच खोली आहे, जिथे मी उपाशी का बसते ते सगळ्यांना ठाऊक आहे. घर म्हणून माझ्यापाशी आता तेवढंच उरलं आहे. ते मी सोडणार नाही.