नोलीनने उघडलेलं दार

मटाई क्रीक गावात लग्न असो, मयत असो की शाळेचं संमेलन, हॉलमधल्या लांब टेबलाच्या मधोमध नोलीन हॅडफील्डचा पाव्हलोव्हा असायचाच. कुणी सँडविच आणायची, कुणी सॉसेज रोल, कुणी केक, यावर बायकांची आठवडाभर चर्चा चालायची. पाव्हलोव्हावर चर्चा नाही. तो नोलीनचा. अंड्याचं पांढरं फेटून, चमचा चमचा साखर घालून, मंद आचेवर भाजलेला. वरून कडक आणि आत कापसासारखा. त्यावर घट्ट क्रीम, क्रीमवर परसातल्या रास्पबेरी. उन्हाळ्यात, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या त्या देशात नाताळापासून फेब्रुवारीपर्यंत, नोलीनच्या स्वयंपाकघरात अंड्यांच्या पिवळ्या बलकांचं काय करायचं हाच एक प्रश्न असायचा.

तिचा बाप मेंढ्या राखायचा. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. नोलीन दिसायला बेताची, बोलायला तुसडी, नाचगाण्यात कधी नव्हती. मर्व्ह हॅडफील्डशी लग्न झालं. तो मेंढ्या कातरणारा, दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. दोन मुलगे झाले, ते मोठे होऊन ऑस्ट्रेलियाच्या खाणींवर गेले. लोकांनी वळून पाहावं असं तिच्यापाशी काही नव्हतं. फक्त ती पाव्हलोव्हा घेऊन हॉलच्या दारातून आत आली की क्षणभर सगळे गप्प व्हायचे. त्या क्षणावर ती पुढचे दोन महिने काढायची.

आणि एक एव्हिस होती. शेजारच्या शेतावरची एव्हिस डॅल्झिएल, सव्वीस वर्षांपासूनची मैत्रीण. दर बुधवारी सकाळी दहाला एव्हिसची निळी गाडी फाटकाशी थांबायची. दोन डझन अंडी खाली उतरायची, मग चहा, मग अख्ख्या पंचक्रोशीची उणीदुणी. नोलीनने पाव्हलोव्ह्यातली खुबी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, ती एव्हिसला.

त्या वर्षी वसंतात जुन्या पोस्टाच्या घरात ग्वेंडा राहायला आली. डनीडन शहरातली, विधवा, पूर्वी शाळेत शिकवायची. लाल काड्यांचा चष्मा, गाडी भरधाव, हसणं रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल असं. महिला मंडळाच्या पहिल्याच बैठकीत तिने करपलेला केक आणला, "तळ सोडून खा गं, तळ बुटाच्या कामाचा आहे," म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. सगळ्या हसल्या. एव्हिस तर डोळे पुसेपर्यंत हसली. नोलीनला कळेना, करपलेला केक आणून कुणी इतकं लाडकं कसं होतं. तिचा स्वतःचा केक करपला असता तर ती महिनाभर घराबाहेर पडली नसती.

मग एका बुधवारी एव्हिस ग्वेंडाला बरोबर घेऊन आली. पुढच्या बुधवारीही. त्याच्या पुढच्या बुधवारी आलीच नाही. निळी गाडी फाटकावरून पुढे गेली, वेगही कमी न करता, आणि गाडीत दोन डोकी होती.

"एव्हिसची गाडी गेली," मर्व्ह म्हणाला.

"मला डोळे आहेत."

"अंडी नाही दिली?"

"तुला अंड्यांचं पडलंय!" नोलीन कडाडली, आणि तो बिचारा कुत्र्याला घेऊन बाहेर गेला.

त्या दिवसापासून नोलीनला एकच विषय पुरला. भांडी घासताना तोच, झोपताना उशीशी तोच. दोघी आत्ता कुठे असतील, काय बोलत असतील, आपल्याविषयी बोलत असतील का? तिने ग्वेंडाचे दोष मोजायला घेतले. मोठ्याने बोलते. बागेत तण माजलंय. पडदे आखूड आहेत. मोजून झाले की मन दोन मिनिटं निवायचं आणि मग आधीपेक्षा जास्त जळायचं.

नाताळच्या आधी दोघी आल्या. नोलीन पांढरं फेटत होती. ग्वेंडा ओट्याला टेकून बघत राहिली. "व्हिनेगर कधी घालतेस गं?" तिने विचारलं. नोलीन उत्तर द्यायच्या आत एव्हिस म्हणाली, "शेवटी. साखर पूर्ण विरघळल्यावर. बोटांत चोळून बघायचं, कण लागता कामा नये."

अगदी सहज म्हणाली, हवापाण्याचं सांगावं तसं.

नोलीनने फेटणं थांबवलं. "वा! शिकवणी छान चाललीय की. मग आता तुमच्या पार्ट्यांना ग्वेंडालाच सांगत जा पाव्हलोव्हा करायला. मी काय हॉलची स्वयंपाकीण आहे? मला नाही जमायचं यापुढे."

"नोलीन, अगं—"

"नाही म्हणजे नाही. सांगून ठेवते."

एव्हिसचा चेहरा लालबुंद झाला. थोड्या वेळाने दोघी चहा न घेताच गेल्या. नोलीनने गृहीत धरलं होतं की एव्हिस दुसऱ्या दिवशी एकटी येईल आणि म्हणेल, तुझ्याशिवाय कसं चालेल. एव्हिस आली नाही.

फेब्रुवारीत एव्हिसच्या मुलीचं, लिनेटचं लग्न होतं. लिनेटला नोलीनने आपल्या कडेवर खेळवलं होतं. एव्हिसचा फोन आला, आवाज जरा जपूनच. "नोलीन, तू शतावरीचे रोल आणशील ना? चाळीस पुरेत."

"रोल," नोलीन म्हणाली.

"हो. आणि टेबलक्लॉथ तुझ्याकडचे चालतील? तुझ्याइतकी इस्त्री कुणाची नसते."

"आणि पाव्हलोव्हा?"

"तो ग्वेंडा करतेय."

फोन ठेवल्यावर नोलीन खुर्चीत बसून राहिली. ब्रेडचे काठ कापलेले रोल तर शाळकरी पोरीसुद्धा वळतात. लिनेटच्या लग्नात सगळ्या गावासमोर तिने रोलची थाळी घेऊन यायचं आणि मधोमध ग्वेंडाने मिरवायचं! आपण स्वतःच नाताळात काय बोललो होतो ते तिला त्या वेळी आठवलंही नाही. मत्सराची स्मरणशक्ती मोठी सोयीची असते.

लग्नाच्या आधी दोन दिवस पाऊस लागला. दमट हवेत पाव्हलोव्हा चिकट होतो, म्हणून ग्वेंडाने शनिवारी पहाटेच हॉलमध्ये जाऊन भाजायचं ठरवलं. हॉलच्या मोठ्या जुन्या ओव्हनमध्ये चार एका वेळी मावत. साडेसातच्या सुमारास नोलीन इस्त्रीचे टेबलक्लॉथ घेऊन पोचली, तर ग्वेंडा ओव्हनसमोर स्टुलावर बसलेली, नाकाला साखर लागलेली.

"नोलीन! देवच पावला. माझी छाती धडधडतेय बघ. चारही फुगलेत, पण मला यांचा भरवसा नाही. अगं, मला क्रीमची बरणी आणायला जायचंय, वीस मिनिटं. बसशील? काही करू नकोस, नुसती बस. दार तेवढं उघडू नकोस, हे मी तुला काय सांगतेय म्हणा!" आणि हसत ती गेलीही.

नोलीन बसली. ओव्हनच्या काचेतून चार पांढरे, गोल, उंच पाव्हलोव्हे दिसत होते. तिने बारकाईने पाहिलं, कुठे तरी चीर असेल, कुठे पिवळट झालं असेल. नव्हतं. कडा सरळ, माथा सपाट. तिच्या स्वतःच्या पहिल्या पाच वर्षांत तिला असे जमले नव्हते.

मागचं दार उघडं होतं. दक्षिणेचा वारा सुटला होता, बर्फावरून आल्यासारखा. नोलीन उठली. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की आपल्याला नुसतं जवळून बघायचं होतं, पण ते खरं नव्हतं. तिने ओव्हनचं दार पूर्ण उघडलं आणि धरून उभी राहिली. गरम वाफ तोंडावर आली, पाठीमागून गार वारा आत शिरला. ती मनात आकडे मोजत होती. तीसपर्यंत मोजले. मग दार हळूच लावलं, जराही आवाज न करता.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पुढचा पाव्हलोव्हा मध्यावर किंचित दबला, सुस्कारा टाकल्यासारखा, आणि बघता बघता खाली बसला. मग दुसरा. ग्वेंडाची गाडी अंगणात थांबली तेव्हा चारही बसले होते, चिरांनी भरून गेले होते.

ग्वेंडा रडेल असं नोलीनला वाटलं नव्हतं. हसेल, काहीतरी विनोद करेल, असं वाटलं होतं. पण ती काचेसमोर गुडघ्यांवर बसली, चष्मा काढला आणि हुंदके देऊन रडू लागली.

"मी म्हटलं होतं गं एव्हिसला. दोनदा म्हटलं, नोलीनला विचार. एव्हिस म्हणाली, नोलीनने स्वतः तोंडावर नको म्हणून सांगितलंय, आणि पुन्हा एकदा नाही म्हणाली तर मला सोसायचं नाही. लिनेटच्या लग्नाला तिने नाही म्हटलेलं मला ऐकायचं नाही, म्हणाली. मग मीच म्हटलं, मी करते. आता काय तोंड दाखवू तिला?"

नाताळातला तो दिवस, एव्हिसचा लाल झालेला चेहरा, स्वतःचा आवाज, सगळं एकदम नोलीनच्या समोर आलं. मग ती एवढंच म्हणाली, "ऊठ. लग्नाला अजून साडेतीन तास आहेत. काचेच्या वाट्या काढ, वरच्या कपाटातल्या. सगळ्या."

"कशाला?"

"बसलेला पाव्हलोव्हा टाकायचा नसतो. आई मोडायची आणि बशीत द्यायची. ऊठ म्हणते ना!"

पाव्हलोव्हे निवल्यावर दोघींनी ते हाताने मोडले, मोठे मोठे तुकडे. बारीक चुरा केला की तो क्रीममध्ये विरघळून जातो. क्रीम मऊच ठेवलं, चमच्यावरून घरंगळेल इतपत. अर्ध्या रास्पबेरी साखर घालून काट्याने चेचल्या, अर्ध्या अख्ख्या ठेवल्या. वाढायच्या अगदी आधी सगळं एकत्र, दोनच वेळा हलवायचं, क्रीममध्ये लाल रेघा दिसल्या पाहिजेत. नोलीनने सांगितलं, ग्वेंडाने केलं. काम असं चटकन झालं की नोलीनला रागच आला. तीस वर्षं तिने त्या उंच पांढऱ्या डौलासाठी जीव काढला होता.

लग्नात त्या वाट्या पाच मिनिटांत संपल्या. लिनेटने पांढऱ्या पोशाखावर रास्पबेरी सांडून घेतली आणि दुसरी वाटी मागितली. "ग्वेंडा, हे काय केलंस गं!" चारी बाजूंनी आवाज.

ग्वेंडा खुर्चीवर उभीच राहिली. "मी नाही! माझे बसले होते, चारही! नोलीनने वाचवलं मला. टाळ्या तिला!"

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. एव्हिस टेबलाच्या पलीकडून तिच्याकडे बघत होती, नाताळानंतर पहिल्यांदा नीट बघत होती, डोळ्यांत पाणी. नोलीनला हेच हवं होतं. अगदी हेच. आणि तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्यातही, खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात ती जळतच होती: ही बाई स्वतःची फजितीसुद्धा किती सहज वाटून टाकते!

संध्याकाळी दोघी वाट्या धूत होत्या. ग्वेंडा म्हणाली, "मी बहुतेक कमी फेटलं."

"नाही," नोलीन म्हणाली. "मी दार उघडलं."

"चुकून?"

"नाही."

ग्वेंडाने हातातलं फडकं खाली ठेवलं. हसली नाही. "माझ्यावर राग होता, तर माझ्या तोंडावर काढायचा होतास. त्या पोरीच्या लग्नात?" मग ॲप्रन सोडत म्हणाली, "एव्हिसला मी सांगणार नाही. तू सांगशील." आणि उरलेल्या वाट्या तशाच टाकून निघून गेली.

नोलीनने बुधवारी सांगितलं. स्वतः चालत एव्हिसच्या शेतावर गेली आणि अंगणात उभ्या उभ्याच सांगितलं. एव्हिसने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू आता घरी जा, नोलीन." एवढंच. आवाजही चढला नाही. घरात गेली आणि दार लावून घेतलं.

सगळा पानगळीचा काळ आणि अर्धा हिवाळा तसाच गेला. काय झालं ते मर्व्हला कळलं होतं, आणि तो रोज संध्याकाळी कुत्र्याला नेताना "चल, येतेस?" असं विचारू लागला. पूर्वी कधी विचारलं नव्हतं. ती जाऊ लागली. जुलैमध्ये रस्त्यावर बर्फ असताना एव्हिसची गाडी त्यांच्या शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

"माझा राग गेलेला नाही," एव्हिस म्हणाली.

"बरोबर आहे."

"पण लिनेटला दिवस गेलेत आणि ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळलेली मला चालायची नाही."

नोलीन तिथेच, बर्फात, गाडीच्या दाराला धरून रडली. एव्हिसही रडली. मर्व्हने कुत्र्याशी बोलायला सुरुवात केली.

ग्वेंडाला आणखी वेळ लागला, आणि आली तीसुद्धा आपल्या पद्धतीने. पुढच्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. "मला पाव्हलोव्हा नीट शिकायचाय. तुझ्याकडूनच. तेवढं देणं लागतेस तू माझं."

नोलीन तिच्या घरी गेली. एव्हिस नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. नोलीनने काही हातचं राखलं नाही: अंडी अगदी ताजी नकोत, थंड नकोत, भांड्याला तुपाचं बोटही नको. दीड तासाने ग्वेंडाने पाव्हलोव्हा बाहेर काढला. उंच, गुळगुळीत, एकही चीर नाही. नोलीनने आजवर केलेल्या कुठल्याही पाव्हलोव्ह्यापेक्षा तो बोटभर उंच होता.

दोघी तिच्याकडे बघत होत्या.

"काय वाटतंय?" ग्वेंडाने विचारलं.

नोलीनने हाताची घडी घातली. "खरं सांगू? तळपायाची आग मस्तकात गेलीय."

एव्हिस इतकी हसली की मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं.