कॅच सुटला म्हणा, मास्तर

गणपतभाऊ गेल्याचं मला वरोऱ्याच्या स्टेशनवर कळलं. नागपूरहून परतत होतो. फाटकावर माझं तिकीट घेता घेता स्टेशनचा बाबू म्हणाला, "तुमचे गार्डसाहेब गेले नं जी, परवा." मी तिथंच बाकावर बसलो... आज महिना झाला, तरी त्यांच्याबद्दल ‘होते’ म्हणताना जीभ अडखळते.

भाऊ रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासोबत वाचनालयात आले, कारण गावाचा रेडिओ तिथं होता. कसोटी सामना असला की रेडिओला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा. समालोचन इंग्रजीत. शाळेचे मास्तर ते ऐकून आम्हाला मराठीत सांगायचे. मास्तर भले गृहस्थ, पण देशाच्या संघावर त्यांचा जीव इतका, की त्यांच्या मराठीत आपल्या गड्याच्या हातून झेल कधी सुटायचाच नाही. चेंडू "जरा लांबून" जायचा. शून्यावर बाद झालेला गडी "शांतपणे परतला" असायचा. दिवसभर आपण झकास खेळायचो आणि संध्याकाळी हरायचो! आम्हालाही त्यात काही खटकत नसे. प्रसादाचं खोबरं चघळत घरी जायचो.

भाऊंना मात्र इंग्रजी समजायचं. एकदा ते ताडकन उठले. "मास्तर, कॅच सुटला. हातातला सुटला. सांगा नं तसं!"

वाचनालयाचे अध्यक्ष सरकीचे व्यापारी, तापट माणूस. ते म्हणाले, "आपलाच संघ हाये, गार्डसाहेब. काऊन नावं ठेवून राह्यले?"

"आपला हाये म्हणूनच! सायबाच्या राज्यात जन्मभर जी-जी केलं मी. आता आपलं राज्य आलं, तरी जी-जीच कराचं का?"

दुसऱ्या दिवशी समितीनं ठरवलं, भाऊंनी माफी मागावी, नाहीतर बाहेर बसावं. मी समजवायला गेलो, तर माझ्यावरच उसळले. "कॅच त्यानं सोडला अन् माफी मी मागू?" मग घरची खुर्ची नेऊन व्हरांड्यात बसू लागले. थंडीत मफलर गुंडाळून, एक कान उघडा ठेवून, खिडकीतून येईल तेवढं ऐकायचे. आपल्या गोलंदाजानं गडी टिपला की बाहेरून गार्डाची शिट्टी वाजायची, इतकी जोरात की रस्त्यावरचे बैल बिचकायचे. त्यांना आत यायचं होतं, हे मला ठाऊक होतं. घरी परतताना हळूच विचारायचे, "माह्या जागेवर कोणी बसते का आता?" कोणी बसत नसे. पण अट कोणी मागे घेत नव्हतं, आणि भाऊ माफी मागणारे नव्हते. तसेच गेले... याचा मला अजून राग येतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा सामना होता. आपल्या गोलंदाजीची पार दाणादाण चालली होती. अचानक रेडिओतून लोकांचा मोठा आवाज आला आणि विरला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"कॅच सुटला," ते म्हणाले. "हातातला."

अध्यक्ष मान खाली घालून पुटपुटले, "गार्डसाहेब असते तं शिव्या देल्ल्या असत्या."

"ते नाईत आता," मास्तर म्हणाले. "तुमी द्या."

अध्यक्षांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि दिली.