अकरा वाजता बंद पडणारा कॉम्प्युटर

जुने कॉम्प्युटर आणायचे, नीट करायचे आणि विकायचे, हा माझा उमरखेडातला धंदा. त्यातलाच एक मी दिवाळीनंतर फुलसावंगीला थोरल्या बहिणीच्या घरी नेऊन बसवला. पन्नाशीला टेकलेली बाई, पण दोन महिन्यांत टायपिंग शिकली होती. ओसरीवर टेबल मांडलं, ‘येथे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा पत्र्याचा बोर्ड लावला. गावातल्या बायका यायला लागल्या. एकीनं तिला ‘मॅडम’ म्हटलं, तर हे सांगायला ताईनं मला मुद्दाम फोन केला होता.

पंधरा दिवस झाले नाहीत तर कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. अर्धा भरलेला फॉर्म जायचा, बायका ताटकळायच्या. ताई तो बसमध्ये मांडीवर घेऊन माझ्याकडे आली. मी आतला वीज पुरवणारा सप्लायचा डबा काढला, मीटर लावलं. बारा व्होल्टच्या जागी बारा, पाचच्या जागी पाच. मग सगळं जोडून संध्याकाळपर्यंत चालू ठेवला, हूं की चूं नाही. दिला परत. आठ दिवसांत ताई पुन्हा हजर. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा आली तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबू, हा सकायी बराबर चालते. अकरा वाजले का बंद पडते."

मी सगळ्यांसमोर हसलो. "कॉम्प्युटर काय घड्याळ पाह्यते का? ताई, तुले चालवताच येत नाही. दे सोडून."

तिनं तो कपड्यात बांधला आणि बसस्टँडकडे गेली. त्यानंतर कॉम्प्युटरचा विषय तिनं कधी काढला नाही, आणि मला वाटलं, चला, कटकट मिटली.

मशीन कधी बंद पडतं, त्या वेळी घरात आणखी काय चालू असतं, हे मी परक्या गिऱ्हाइकाला खोदून खोदून विचारतो. सख्ख्या बहिणीनं न विचारता सांगितलं, तर तिची टर उडवली.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या पुतणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलो. ओसरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात आतला मिक्सर रेकायला लागला आणि डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला. मी विचारलं, लाइट चालली का? भाऊजी म्हणाले, कुठची लाइट जाते, हरभऱ्यावर पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, घराले अन् शेताले ट्रान्सफॉर्मरची डीपी एकच आहे, अकराला रोजचंच हे.

माझ्या दुकानातलं टेबल स्टॅबिलायझरवर चालतं. आमच्या भागात दुरुस्तीवाल्या प्रत्येकाचं तसंच, नाहीतर कामच करता येत नाही. म्हणजे तो कॉम्प्युटर माझ्याकडे कायम पूर्ण व्होल्टेजवर चालला. सप्लायमधला वीज साठवणारा मोठा कपॅसिटर सुकलेला असणार, व्होल्टेज उतरलं की त्याचा दम सुटत असणार. ताईनं तर मला वेळसुद्धा सांगितली होती.

कॉम्प्युटर पलंगाखाली पोत्यात होता. बोर्ड पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून ठेवलेला, अक्षरं खालच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी नवा सप्लाय घेऊन गेलो. दहा मिनिटांचं काम. अकरा वाजले, बल्ब पिवळा पडला, कॉम्प्युटर चालूच राहिला. एक वाजेपर्यंत मी तिथून हललो नाही.

"ताई, तू बरोबर सांगत होती," मी म्हणालो. "चूक माही होती." आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

ती पदराला हात पुसत दारातच उभी राहिली. "चालते ना? मंग झालं," ती म्हणाली. "आता तूच बंद कर बाबू. माह्या हातानं बिघडते तो."

मी बंद केला.