काकवीचं वजन

मी तिसरी नापास. पण पलटणीच्या भटारखान्यात पाव भाजून हात तयार झालेला, आणि त्या हातावरच मद्रासला गिंडीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागलो. तिथली भट्टी माझी. दर शनिवारी चहाबरोबर मी काकवीचा काळा केक करायचो. त्या केकमुळे भट्टी पेटत होती, आणि भट्टीमुळे मला मान होता.

सगळं मी पडीनं मोजायचो. पडी म्हणजे तिकडचं तांदूळ मोजायचं पितळी माप. मग किलो आले, जुनी मापं गेली. साहेबांनी हुकूम काढला: स्टोअरमधून सामान वजनानंच मिळेल, ज्या पदार्थाच्या सामानाचं पक्कं वजन सांगता येणार नाही तो बंद.

मैदा-साखरेचं जमलं. काकवीपाशी अडलं.

स्टोअरकीपर तंजावरकडचा, मराठीच, पण बोलण्याचा सूर तमिळ. म्हणाला, "अण्णा, सोपं आहे. पडीभर पाणी तोलू. तेवढ्या वजनाची काकवी घ्या."

"राव, काकवी म्हणजे पाणी काय?"

"बघू तर, अण्णा."

केक पांढुरका झाला, कोरडा. काकवी पाण्यापेक्षा जड. तेवढ्या वजनाची काकवी पडीत ओतून पाहिली तर पडी भरेचना.

मग पडी काकवीनंच काठोकाठ भरली, तोलली, पडीचं वजन वजा केलं. पुढच्या शनिवारी तेवढी काकवी थेट परातीत तोलून घातली. केक चिकट झाला, मधोमध बसला. फिटर लोक म्हणाले, "अण्णा, हा खायचा की मशीनला लावायचा?"

मी विचार करत बसलो. पडी उपडी केली तरी सगळी काकवी कधी पडत नसे, थोडी आतून चिकटून राहायची. तोलून घातली की तीही केकात जायची. म्हणून ओतून झाल्यावर चिकट पडी पुन्हा तोलली आणि तेवढं कमी केलं. केक बरोबर आला. स्टोअरकीपरनं तो आकडा साहेबांना कळवला.

मग काकवीचं नवं पिंप आलं. काकवी पातळ. वजन तेच, केक ओला. पूर्वी पातळ काकवी असली की मी पडी कमी भरायचो, किती कमी ते ओतताना धार बघून ठरायचं. त्यानंतरच्या पिंपातली काकवी इतकी घट्ट, की पळ्यानं खरवडून काढावी लागली. कळवलेला आकडा चालणार नाही, असं मी स्टोअरकीपरला सांगितलं.

तो म्हणाला, "कुठला तरी एक आकडा धरून बसा ना अण्णा. साहेबांना काय कळतंय?"

"एक आकडा नाही त्याला."

"खोटा सांगा."

"आणि वाईट केक माझ्या हातचा म्हणून लोकांनी खायचा? नाही सांगणार."

"भट्टी जाईल तुमची."

"जाऊ दे."

गेली. पक्कं वजन नाही म्हणून साहेबांनी केक बंद केला, बाहेरून बन यायला लागले. मला सांबाराकडे दिलं, भाजी चिरायला. वेस्ट मांबलमच्या खोलीत बायको-पोरं, नोकरी सोडून जाणार कुठे? पहिले काही शनिवार लोक विचारायचे, "अण्णा, केक?" मी मान हलवायचो. मग विचारेनासे झाले. बन त्यांना आवडायला लागला होता. भट्टीत कुणी तरी रिकामी पोती कोंबून ठेवली. ती काढा, असं मी कुणाला म्हटलं नाही.