चरबीचे बुडबुडे

माझी नात परळच्या एका प्रयोगशाळेत मलेरियाच्या लसीवर काम करते. नेमकं काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, चरबीचे बुडबुडे बनवते. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. त्यांच्या पोटात मलेरियाच्या जंतूचा तुकडा भरून टोचायचं. शरीर तो तुकडा ओळखून ठेवतं, मग खरा जंतू आला की गाफील सापडत नाही.

"लायपोसोम म्हणतात आजी. तुझ्या मोदकासारखं. आत सारण."

मोदक उकडताना फुटतो, हे तिला कोण सांगणार?

लशींशी माझं वैर जुनं. लहानपणी घोडपदेवच्या चाळीत देवी टोचणारे आले की मी मोरीत दडायची. ते गेले की दंडावरचा डास चावल्याचा फोड मैत्रिणींना टोचल्याची खूण म्हणून मिरवायची. असली ही वाघीण.

वय वाढलं, अक्कल तेवढीच राहिली. बुडबुडे अंगाला चिकटून घरात येतील म्हणून मी नियम काढला. मयताहून आल्यासारखे बाहेर गॅलरीतल्या पिंपाच्या पाण्याने हातपाय धुवायचे आणि दिवेलागणीला तिथेच बसायचं. वाऱ्याने काय असेल ते उडून जाईल. ती हसायची, पण बसायची.

गणपतीच्या तोंडावर तिला थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्यांखाली दात वाजत होते. मनात म्हटलं, फुटला मोदक. रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत देवापुढे बसले, तर रोजचं स्तोत्र आठवेना.

मलेरियाच निघाला. ते काम आधी सोड बाय, म्हटलं मी. तिने गोधडीतून तोंड बाहेर काढलं.

"त्या तुकड्याने मलेरिया होत नाही गं. तो जिवंत नसतो. मला डास चावले, आजी. गॅलरीत."

तिला सोयीचं पडावं म्हणून पिंपाचं झाकण मीच काढून ठेवलं होतं. जाऊन आत वाकले. पाण्यात वळवळ चालली होती. ते पिंप एकटीने कसं आडवं केलं, देव जाणे. गॅलरीभर पाणी झालं.

ओल्या लुगड्यानेच तिच्या उशाशी बसले. तुमची लस कधी येणार, विचारलं.

"वर्षं लागतील. अजून उंदरांवरच चाललंय."

उंदरांचा मला जन्मात पहिल्यांदा हेवा वाटला. गोळी देऊन झाली होती, तरी हाताखालचं कपाळ पुन्हा तापायला लागलं होतं.