माझी नसलेली म्हैस

आमच्या दूध संघात त्या दुष्काळात एक चांगला निर्णय झाला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, हिला चेअरमनसाहेबांचं काहीच चांगलं दिसत नाही.

विहिरींनी तळ गाठला होता आणि नेकनूरच्या बाजूच्या सगळ्यांनी आपली जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली होती. संघातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांचीही गुरं तिथेच. मग चेअरमननी बैठकीत जाहीर केलं, की ज्यांची जनावरं छावणीत आहेत त्यांनी दुपारी बारा ते दोन वैरणपाणी करायला जावं, पगार कापणार नाही. सकाळचं दूध संकलन तोवर आटोपलेलं असतं, संध्याकाळचं सुरू व्हायचं असतं. मधलं काम उरलेल्यांनी वाटून घ्यावं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग मी उभी राहिले. माझ्या आईची उजवी बाजू लकव्यानं गेलेली. भाऊ-भावजय पोटासाठी शहरात कामाला गेलेले. आई माझ्याकडे, आणि मी दिवसभर संघात दुधाची फॅट तपासत बसलेली. मी म्हटलं, "साहेब, मला जनावर न्हाई. पण आई अंथरुणावर हाय. तेच दोन तास मलाबी द्या."

चेअरमन हसले. लहान लेकराचा हट्ट ऐकून हसावं तसे. "ताई, म्हातारी माणसं कुणाच्या घरी न्हाईत? समद्यांनाच सोडलं तर संघ कोण चालवणार? घरातलं घरात बघायचं."

गुरांसाठी समद्यांना सोडलं तेव्हा संघ कोण चालवणार होतं, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर चहा आला. सगळे कपाकडे वळले. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

शेजारची मावशी टँकरच्या रांगेत जायच्या आधी आईच्या उशाशी पाणी ठेवून जायची. त्या बिचारीचा काय दोष? एके दिवशी घाईत तिनं तांब्या उजव्या हाताशी ठेवला. संध्याकाळी मी आले तर आईची जीभ कोरडी पडलेली, ओठ फुटलेले आणि तांब्या काठोकाठ भरलेला. दिवसभर ती त्याच्याकडे बघत पडून होती. मला पाहिल्यावर अडखळत म्हणाली, "सांडलं न्हाई, बघ."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुमी बी लई भोळ्या. म्हैस हाय म्हणा की. कोण बघायला जातंय?" माणूस मनानं वाईट नव्हता. पण मला त्यांची ती दया फार झोंबली.

तरी मी गेले. चेअरमनना म्हटलं, पाहुण्यांची म्हैस माझ्यावर सोपवलीय, छावणीत बांधलीय. त्यांनी लगेच मान डोलावली. वर आपुलकीनं विचारलं, "दूध देती का?"

"आटलीय साहेब."

"आटली तरी जपा ताई. मुकं जनावर हाय. पुढच्या वेताला उपयोगी पडंल."

त्या दिवसापासून मी रोज बारा वाजता घरी जायचे. आईला कूस बदलून द्यायची, अंग पुसायचं, भाकरी कुस्करून भरवायची, पाणी पाजायचं आणि दोनला परत खुर्चीवर. माझ्या वाटच्या दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्या कुणीतरी तपासून ठेवलेल्या असायच्या, संध्याकाळी मी त्याचं काम उरकायचे. संघाचं काडीचंही बिघडलं नाही. "म्हैस कशी हाय?" म्हणून सहकारी चेष्टा करायचे आणि मी "खाती की चांगली" म्हणून हसायचे. हसताना तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि आई? तिला वाटायचं साहेबांनी तिच्यासाठीच सवड दिलीय. घास गिळून झाला की डावा हात कपाळाला लावायची. "देवमाणूस हाय. पुण्य लागंल त्याला." तिला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. आपल्याला म्हैस म्हणून पाणी मिळतंय, हे कोणत्या आईला सांगायचं?

पुढं रानात हिरवं दिसू लागलं, छावण्या उठल्या, गुरं घरोघरी गेली. चेअरमननी सवलत बंद केली. बरोबरच होतं, जनावरांचा दुष्काळ संपला होता. आई तशीच पडून होती.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, म्हैस नव्हतीच. आई होती. अन् ती अजून हाय."

ते खरंच दुखावल्यासारखे म्हणाले, "असं कावून केलं ताई? आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं की साहेब. भर बैठकीत, समद्यांदेखत, उभी राहून."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत आले होते. मी परवानगी मागितली नाही. पिशवी उचलली आणि आईला पाणी पाजायला निघाले.